बोटीच्या ट्रेलरचं डावं चाक

डाव्या चाकाचं काम चांदसाहेब नेहमी शेवटी ठेवी. आधी सांगाडा. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसून घ्यायचं. मग रेड ऑक्साइडचे दोन हात आणि ते खडखडीत वाळल्यावर वरून पिवळा रंग. गावच्या पूरबोटीचा ट्रेलर असा रंगवण्याचा त्याचा हा सहावा उन्हाळा होता. मजुरी त्याने एकदाही घेतली नव्हती. गावाला त्याचं कौतुक वाटे आणि ते कौतुक त्याला ऐकवत नसे.

यंदा काम जोतिबा सुभेदारांच्या मळ्यातच चाललं होतं. चांदसाहेबाच्या वेल्डिंगच्या शेडकडे जाणाऱ्या रस्त्याचं काँक्रिट अजून ओलं होतं, तिकडे ट्रेलर नेता येत नव्हता. बोट आणि ट्रेलर पहिल्यापासून सुभेदारांच्याच ताब्यात. फौजेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. गावाने त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता.

“उद्या शुक्रवारी उरकंल न्हवं?” सकाळी त्यांनी विचारलं होतं.

“उरकंल की. पर घाई कशाला, सुभेदार? वाळाय पायजे.”

“सोमवारी तहसीलची तपासणी हाय.”

“मग रविवारपतूर चालंल.”

“उद्याच उरक,” सुभेदार म्हणाले आणि नवीन टायर आणायला सांगलीला गेले.

चांदसाहेबाने वाद घातला नाही. या ट्रेलरपुढे वाद घालायचा हक्क आपण गमावलाय, असं त्याला वाटे.

पुराच्या वर्षी, मे महिन्यात, सुभेदारांनी त्याला निरोप धाडला होता. ट्रेलर गंजलाय, पावसाआधी बघून घे. तो हो म्हणाला आणि सांगलीतल्या एका बंगल्याच्या फाटकाचं काम धरून बसला. नक्षीचं काम, ते लांबत गेलं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं तेव्हा तो त्याच फाटकाला शेवटचा हात देत होता. घरात अख्तरबी एकटी. ती माळ्यावर चढली. तिथून तिने नवऱ्याला चार फोन केले आणि चारही वेळा एकच विचारलं, “बोट निघाली का वं?”

निघाली असंल, येतीया, असं तो सांगत राहिला. पाचवा फोन आला नाही.

बोट पोचली ती चार तास उशिरा, गावातल्या मल्हारच्या बैलगाडीत घालून. ट्रेलरचं डावं चाक गंजून जाम झालं, काही केल्या हलेना, असं सुभेदारांनी गावासमोर सांगितलं. चांदसाहेबाला कुणी बोल लावला नाही. सुभेदारांनी तर खांद्यावर हात ठेवला होता. “तुजा दोष न्हाई गड्या, नशिबाचा हाय.” त्या सांत्वनाने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. दोष कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या लेकीलाही ठाऊक होतं. आयेशाने मातीच्या दिवशीच तोंडावर विचारलं, “फाटक मोठं का ट्रेलर, अब्बा?” त्यानंतर ती माहेरी आलेली नाही.

पहिल्या उन्हाळ्यात त्याने डावं चाक उघडलं तर आत गंजाचा कणही नव्हता. सांगलीत नवीन बेअरिंग टाकून आणलंय, असं सुभेदार म्हणाले. तरी दर वर्षी तो ते उघडे, डिझेलने धुई, नवं ग्रीस भरून हाताने फिरवून बघे. चाक गरगर फिरे. ते तसं फिरताना बघून त्याला स्वतःची चीड येई. हेच वेळेवर केलं असतं तर तासाभराचं काम होतं.

दुपारी मळ्यात रिक्षा येऊन थांबली. सुभेदारांच्या बायको विजयमालावैनी उतरल्या. पूर आल्यापासून त्या मलकापूरला थोरल्या लेकाकडेच राहत होत्या. गुडघ्यांमुळे इकडे येणं व्हायचं नाही. शनिवारी यायच्या होत्या, पण भाचा गाडी घेऊन सांगलीकडे निघाला, त्याच्याबरोबर सांगलीपर्यंत दोन दिवस आधीच आल्या.

“चांदभाई, किती वाळलासा वं,” त्या म्हणाल्या. “अख्तरबीची लय याद येती मला. मानसं भेटत्यात, पर तसं मानूस न्हाई.”

त्याने मान हलवली आणि ब्रश थिनरमध्ये बुडवला. वैनींनी चहा केला. चहा झाल्यावर त्या कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. नवा रंग दिलेल्या गाडीला कुंकू लावल्याशिवाय ती जागची हलवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

“त्या चाकाला लावू नगा, वैनी,” चांदसाहेब म्हणाला.

“का वं? रंग वला हाय?”

“वला न्हाई. ह्या चाकानं माजी अख्तर न्हेली. त्या दिशी हे अडलं नसतं तर बोट टायमात पोचली असती. आन मी टायमात हात लावला असता तर हे अडलंच नसतं.”

सहा वर्षांत हे तो पहिल्यांदाच कुणाजवळ तरी बोलत होता. बोलून झाल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं.

वैनींनी कोयरीचं झाकण पुन्हा लावलं. त्यांना खरंच काही उमगत नव्हतं.

“चाक अडलं म्हून कोन म्हनलं तुमास्नी?”

“सुभेदार म्हनले की. समद्या गावाला ठावं हाय.”

“आवं, असं कसं हुईल? त्या दिशी ट्रेलर हितं हुता कुठं? आमचं कपाट, पलंग न् फ्रीज लादून पहाटंच लेकानं मलकापूरला न्हेला हुता, मी सोता पुढं जीपमदी बसल्याली.”