जेवत्या माणसाची सही

"जेवत्या माणसाला सही मागत नसतात, अप्पा," तनुजा म्हणाली आणि तिनं बाही धरून ग्यानोबाला परत खुर्चीत बसवलं.

ग्यानोबा बसला, पण मान वळवून बघतच राहिला. खानावळीत चार टेबलं सोडून, पंख्याखाली, बसवंत सर जेवत होते. लातूरच्या अर्ध्या चौकांत ज्यांचा फोटो लागला होता, तेच. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ते शिकवायचे. गावाकडं इस्लापुरात ग्यानोबा रोज सांजच्याला मोबाइलवर त्यांची भाषणं ऐकायचा. सगळंच काही कळायचं नाही, पण आवाज ऐकला की अंगात हुशारी यायची.

"जवारीची भाकर खाऊन राहिलेत," तो कौतुकानं म्हणाला. "आपल्यासारखीच."

"मग काय सोनं खातील? हळू बोला."

तनुजा भिंतीकडं तोंड करून बसली होती. उन्हातून येताना बांधलेला स्कार्फ जेवायला सोडला होता, तो तिनं पुन्हा डोक्यावरून घेतला. पंख्याचं वारं लागतंय म्हणाली.

ग्यानोबा लेकीला घरी न्यायला आला होता. रविवारी हिमायतनगरचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. तीन वर्षं लातुरात खोली करून ती अभ्यास करत होती आणि दरवेळी थोडक्यात राहत होती. आणखी एक साल द्या, असं सकाळपासून विनवत होती. सर दिसले तशी ग्यानोबाला तोड सुचली. सरांची सही घ्यायची आणि तिथंच विचारायचं, पोरीत दम हाय का. सर हाव म्हणाले, तर पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचं. न्हाई म्हणाले, तर सांजच्या बसनं गावाकडं.

पण मुळात त्याला त्या सहीचंच नवल वाटत होतं. सही मागायची ती तलाठ्याला, सरपंचाला. तो स्वतः सही शिकला तो तनुजा चौथीत असताना, तिच्याचकडून. तोवर अंगठाच होता. त्याच्या लेखी सही ही कामाची वस्तू होती.

"ह्या सहीवर मिळतं काय?"

"काही नाही. नुसती ठेवायची."

"कुठं?"

"घरात."

"अन् मंग?"

"मग काही नाही, अप्पा."

ग्यानोबाला ते फारच आवडलं.

तेवढ्यात दोन पोरं सरांच्या टेबलापाशी गेली. एकानं मोबाइल वर धरून फोटो काढला, दुसऱ्यानं वही पुढं केली. सरांनी हसून खरकटा हात दाखवला. पोरं ओशाळून बाजूला झाली.

"बघा," तनुजा म्हणाली. "कसं वाटतं ते?"

ग्यानोबाला पटलं. तो थांबला. सर उठून बेसिनकडं गेले, तसा तोही उठला.

"चूळ भरणाऱ्याला?"

तो बसला. सर रुमालानं हात पुसत परत आले आणि त्यांचा फोन वाजला.

"आता फोनवर हायेत," तो स्वतःच म्हणाला.

फोन संपला. सर गल्ल्यापाशी जाऊन बडीशेप घेऊ लागले.

"तिथं तर मुळीच नको. लोकांना वाटेल, आपलं बिल त्यांना भरायला लावून राहिलो."

"मंग मागायची तरी कवा? माणूस मेल्यावर?"

तनुजा हसली नाही. ग्यानोबानं तिच्याकडं नीट बघितलं. ताटातली भाकर होती तशीच होती. त्याच्या मनात पहिल्यांदाच नको ती शंका आली.

"तनू, क्लासला जातीस ना तू?"

"जाते की."

"मंग सर वळखतील तुला?"

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "हजारानं पोरं असतात, अप्पा. कशाला ओळखतील?"

ग्यानोबानं मग तिच्या पिशवीतून राज्यघटनेचं जाड पुस्तक काढलं आणि तो थेट सरांपुढं जाऊन उभा राहिला. हात जोडले.

"सर, तुमचं जेवण झालं, हात धुणं झालं, फोन झाला, बडीशेपबी झाली. आता मागू का?"

सर मोठ्यानं हसले. "मागा की, मामा. इतकं विचारून आजवर कोणी मागितलं नव्हतं."

"सही पायजे होती. आमच्या तनुजासाठी. ती काय, तिथं भिंतीकडं तोंड करून बसली. भिऊन राहिली." त्यानं हाक मारली. "तनू, ये हिकडं."

ती लगेच उठली नाही. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पावलं ओढत आली. डोक्यावरचा स्कार्फ खांद्यावर घसरला होता. तो तिनं सावरला नाही.

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तनुजा? तू आहेस होय."

ग्यानोबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरगी खोटं बोलत नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाला तिचं नाव ठाऊक होतं. पाहुण्यांना काय निरोप द्यायचा, तो त्यानं तिथंच ठरवून टाकला.

"सर, तुम्ही वळखता हिला?"

"न ओळखायला काय झालं? आणि हिला आता आणखी एक सही कशाला?" सर पेन उघडत म्हणाले. "मागच्या महिन्यात हिच्या लग्नाला साक्षीदार म्हणून मीच सही केली की. माहेरचं कोणी आलं नाही म्हणून कचेरीत लई रडली होती बिचारी." त्यांनी पुस्तकावर झोकात सही केली, ते दोन्ही हातांनी ग्यानोबापुढं धरलं आणि आदरानं म्हणाले, "पण सुनेसाठी पुस्तक घेऊन असा उभा राहणारा सासरा मिळाला, नशीब काढलं पोरीनं."