दुसरं बाळंतपण

“आई आहे ना घरात. मग पगार कशाला वाढवायचा?” मुलगा सुनेला सांगत होता. मी शेजारीच बसून तान्ह्या नातवाला तेल लावत होते.

थोरल्या नातीला सांभाळायला मंदाबाई येतात. बाळ झाल्यावर त्यांनी पगार वाढवून मागितला. त्यात वावगं काय? एक पोर होतं, आता दोन झाली.

दुसरं बाळंतपण सासरी करायची आमच्यात रीत, म्हणून मी गावाहून आले. शेक, मालीश, डिंकाचे लाडू, सगळं हौसेनं केलं. सव्वा महिना कालच सरला. आता परतायचं म्हटलं, तर मुलानं परस्पर ठरवून टाकलेलं. बाळ चालायला लागेपर्यंत आईनं इथंच राहायचं.

“मग माझा पगार किती?” मी विचारलं.

दोघंही हसली. “आई, तू पण ना.”

मंदाबाई हसल्या नाहीत. नातीला भरवता भरवता मला हळूच म्हणाल्या, “आजी, तुम्ही आहात तोवर मला वाढ मिळायची नाही.”

त्यांचं खरंच होतं. नातवात जीव अडकला होता, पण दुसरीच्या पोटावर पाय देऊन त्याला कसं खेळवू? मी त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि मुलाच्या मांडीवर ठेवलं.

“दुपारच्या एसटीनं जाते मी.”

मुलाचा चेहरा उतरला. “अगं, मग बाळाला कोण बघणार?”

“मंदाबाई बघतील. किती घेणार, ते त्यांनाच विचार. आणि घासाघीस करू नकोस.”