दोन वावरं लांब

मोशीच्या मळ्यात मालिकेचं शूटिंग होतं. आवाज नको म्हणून दत्तोबाचा डिझेल जनरेटर वीस वर्षं प्रत्येक सेटपासून दोन वावरं लांबच असायचा. एकही संवाद त्याच्या कानी पडला नव्हता. आज सोलरवाल्या पोरीची मुकी बॅटरीगाडी थेट कॅमेऱ्याशेजारी आणि जनरेटर नुसता राखीव. दत्तोबाचा जळफळाट झाला. “काका, बसा इथं, सगळं ऐकू येतं,” पोरगी म्हणाली. “आमाला न्हाई गरज,” म्हणत तो बसलाच. मनात म्हणाला, ‘देवा, हिची बॅटरी उतरू दे!’ नायिकेनं बापाला विचारलं, “आबा, मला का टाकलंत?” दत्तोबा पुढं सरकला. आबांनी तोंड उघडलं आणि दिवे गेले. ढगांमुळे बॅटरी उतरली होती. “दत्तोबा, जनरेटर!” त्यानं धावत जाऊन चावी फिरवली. दिवे लागले, आबा बोलले. धडधडाटात त्याला लांबून एवढंच दिसलं, आबांकडं बघत सोलरवाली पोरगी डोळे पुसत होती.