खोलीचा आकडा

प्रोग्रॅम मध्येच थांबला आणि पडद्यावर रोमन अक्षरांत एक मराठी ओळ उमटली. समितीचे अध्यक्ष उदयसिंहराव यांनी ती मोठ्याने वाचली.

"दीनानाथ सरांचं पुन्हा चुकलं."

सगळे हसले. सुनेत्राचे कान तापले.

ओळ तिनेच लिहिली होती. इस्पितळात कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचा शेक किती द्यायचा, याचा हिशेब करणारा हा प्रोग्रॅम तिचा. त्यात तिने जागोजागी तपासण्या घातल्या होत्या. एखादा आकडा अशक्य दिसला, की प्रोग्रॅमने पुढे न जाता तिथेच थांबायचं. चाचण्या चालू असताना सर घाईने आकडे भरत, चुकत, आणि दोघं हसत. त्या दिवसांत गमतीने टाकलेली ती ओळ. नंतर काढलीही होती. निदान तिची तशी समजूत होती.

आज समिती या तपासण्यांचाच निकाल लावायला बसली होती, आणि सर एका रुग्ण बाईंचे आकडे भरून प्रोग्रॅम चालवून दाखवत होते. प्रोग्रॅम अडतो, बाहेर रुग्ण ताटकळतात, तेव्हा तपासण्या काढून टाका, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

"आ शुं छे, सुनेत्राबेन?" हे काय आहे, असं एका डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं.

दीनानाथ सर उभे राहिले. इस्पितळातले सर्वांत जुने भौतिकशास्त्रज्ञ ते.

"गाठ एकवीस सेंटिमीटर खोल आहे असं मी भरलं. बाईंच्या शरीराची जाडीच अठरा आहे. चूक माझी."

"तपासणी नसती तर?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"हिशेब झाला असता. आणि बाईंना नको तेवढा शेक बसला असता."

हसणं थांबलं. तपासण्या ठेवायचं ठरलं. त्याचबरोबर, यापुढे सरांनी भरलेले आकडे दुसऱ्या कुणीतरी पाहून द्यावेत, हेही ठरलं. सर मान खाली घालून "बरं" म्हणाले.

सुनेत्राला त्या दिवशी डबा उघडवला नाही. व्हरांड्यात दोघे तंत्रज्ञ तीच ओळ म्हणून हसत होते. तिला पाहून ते गप्प झाले, ते तिला जास्त लागलं.

संध्याकाळी ती शहरातल्याच अकोटा भागात सरांच्या घरी गेली. दार कमलाकाकूंनी उघडलं. सर हिंचक्यावर झोके घेत बसले होते.

"सर, मी उद्या उदयसिंहरावांना सांगते, ती नुसती थट्टा होती. आणि नोकरी सोडते. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते मला."

"आधी बस. त्यांना काही सांगायचं नाही."

"पण एवढ्या वर्षांचं तुमचं नाव..."

"माझ्याकडून चूक झाली, असंच त्यांना वाटू दे. नाहीतर तपासण्या उद्याच निघतील."

ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"मागे त्यांच्यासमोर प्रोग्रॅम थांबला होता, आठवतं? तेव्हा पडद्यावर इंग्रजीत नीट कारण आलं होतं. कुणी वाचलं?"

"कुणीच नाही."

"आज सगळ्यांनी वाचलं." सरांनी पायाने हिंचका थांबवला. "तू ती ओळ काढली होतीस, सुनेत्रा. आज सकाळी मीच परत टाकली."