दोरीपलीकडचं जेवण

या, असे जवळ बसा; हार्लनची गोष्ट सांगते.

आमच्या टेक्सासातल्या जुन्या वसाहतीच्या संग्रहालयात स्टेक, म्हणजे मांसाचा जाड तुकडा, भाजण्याची स्पर्धा होती. परीक्षकांकडे द्यायच्या वेळेलाच हार्लनचा स्टेक शेगडीवरून नाहीसा झाला.

“कुत्र्यानं नेला असेल,” त्याची बायको क्लीटा म्हणाली. “तुझ्या हातचं खायला आणखी कोण धजणार?”

स्टेक सापडला तो संग्रहालयात जपलेल्या, कधीच्याच वारलेल्या वसाहतकऱ्यांच्या लाकडी घरात, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडच्या टेबलावर. तिथे शोभेसाठी मांडलेलं सगळं जेवण प्लॅस्टरचं. त्यात हा एकटाच वाफाळत होता. एक घास कापून खाल्लेला.

“बाद करतील मला,” म्हणत हार्लन दोरी ओलांडून आत गेला.

आम्ही डोकावलो, तर खोली रिकामी. तिला दुसरं दार नाही.

“हार्लन, चेष्टा पुरे. बाहेर ये,” क्लीटा म्हणाली.

टेबलाकडूनच त्याचा हळू आवाज आला, “थांब गं, यांची जेवणाआधीची प्रार्थना चाललीय.”

देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या हार्लनची आठवण ठेवा.