हजेरीपट

विद्यापीठाच्या परिषदेत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली ती एकटीच, बाकी सगळी पिकली पानं. दर मंगळवारी अकराच्या बैठकीत तिने वसतिगृहाच्या गळक्या नळांपासून निकालांच्या घोळापर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं. वर्षभरात एकही बैठक चुकवली नाही म्हणून कुलगुरूंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच दमात पुढचा ठराव वाचला: वर्गातली हजेरी कमी, सबब सदस्यत्व रद्द.

"माझ्या मंगळवारच्या अकराच्या तासाला वर्षभर तुझी गैरहजेरी आहे, बाळ," शेजारच्या खुर्चीतले प्राध्यापक हजेरीपट पुढे सरकवत हळहळले. "नियमापुढे माझाही इलाज नाही."

तिने हजेरीपट शांतपणे चाळला.



"सर, मंगळवारी अकराला तर तुम्ही इथे माझ्या बशीतली बिस्किटं संपवत असता. मग वर्गात हजेरी घेतं कोण?"