आपल्यातला

"तेच तर बेट आहे. पाहिलेलं परत काय पाहायचं?" लखीचंदभाऊ किनाऱ्यावरच्या ओंडक्यावर बसले आणि स्टीलचा डबा त्यांनी मांडीवर घेतला. "सूर्य टेकत आलाय. दोन घास खाऊन घे आधी."

पानबाईंनी सूर्याकडे पाहिलं. जळगावला या वेळी ऊन अजून अंगणात असतं. इथे अंदमानात हिवाळ्याचा दिवस पाचालाच आटपतो. सूर्यास्तानंतर तोंडात काही घालायचं नाही, हा पानबाईंचा नेम जैन माहेरापासूनचा. त्यामुळे मागच्या खेपेला रोज दुपार कलली की हॉटेलच्या खोलीत पळावं लागलं होतं. समुद्र पाहिला तो भरतीचा, लांबूनच. निळा आणि सपाट.

आज समुद्र जागेवर नव्हता. कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसा तो मागे सरकला होता आणि तळाचा तपकिरी, खडबडीत पसारा उघडा पडला होता. मधूनमधून डबकी चमकत होती.

"हे सगळं पाण्याखाली होतं?" पानबाई पुटपुटल्या. मग त्यांनी मालतीकडे पाहिलं. ही बेटावरची बंगाली बाई, ओहोटीत पाहुण्यांना आत फिरवून आणायची. "पानी वापस कब आएगा?"

"बस, अब लौटेगा, माँजी."

पानबाईंनी चपला काढल्या.

"अगं, आणि जेवण?"

"आज उपास," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि त्या उतरल्याही.

लखीचंदभाऊ डब्याचं झाकण हातात धरून बसले. एवढ्या संसारात बायकोचा उपास त्यांना आदल्या दिवशीच कळत आला होता.

पाणी घोट्याएवढं होतं, कोमट. पानबाईंनी समोरच्या दगडावर पाय टाकायला उचलला.

"उसपे नहीं, माँजी! वो पत्थर नहीं, प्रवाल है. ज़िंदा है."

पाय हवेतच राहिला. "और ये?"

"वो भी."

पानबाई चरकल्या. पाणी गाळून पिणारी, केरसुणीसुद्धा हलक्या हाताने फिरवणारी बाई. आणि इथे तर जमीनच जिवंत! परत फिरावं असं मनात आलं. पण परत फिरायलाही पाय टाकायलाच हवा होता.

"सिर्फ़ सफ़ेद रेत पे," मालती म्हणाली.

मग त्या वाळूचे पांढरे तुकडे शोधत निघाल्या. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, खाली बघायचं. एवढं खाली बघत त्या आयुष्यात कधी चालल्या नव्हत्या. काळी, काकडीसारखी काहीतरी वस्तू वाळूत पडली होती आणि तीही हळूच सरकत होती. एका फटीतून बोटभर मासा त्यांच्याकडे रोखून बघत होता.

"काय शे तठे?" किनाऱ्यावरून कुंदाबाईंनी हाक मारली. जळगावच्या पिंप्राळ्यातली ही शेजारीण मूळची धुळ्याकडची. हौसेने सोबत आली होती, पण पाण्याला भ्यायची.

"बठ्ठं जिवंत शे, कुंदाबाई!" पानबाईंनी तिच्याच अहिराणी बोलीत ओरडून सांगितलं.

एवढ्यात मालतीने बोट दाखवलं. खडकात ओंजळीएवढा शिंपला रुतला होता. उघडा. त्याच्या ओठांवर मोरपंखी मखमल. पानबाई वाकल्या, तसा तो झटकन मिटला.

"आपकी परछाईं पड़ी ना. धूप ही इसका खाना है. सूरज डूबा, तो खाना बंद."

पानबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की लखीचंदभाऊ ओंडक्यावरून उठलेच.

"अहो, इकडे या! आपल्यातला कुणीतरी भेटलाय!"

"कोण? जळगावचा?"

"या तर खरं!"

भाऊंनी डब्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "तुम्ही जा, भाऊ. डबा मी धरस," कुंदाबाई म्हणाल्या. शेवटी भाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बायको सांगेल त्या त्या वाळूवर पाय ठेवत, तोल सावरत ते आले.

"कुठाय?"

"सरका थोडे. सावली पडतेय तुमची."

जळगावच्या दाणाबाजारात भाऊंना बघून हमाल वाट सोडत. इथे भाऊच बाजूला झाले.

दोघं वाकून वाट पाहत राहिली. पाणी पोटऱ्यांकडे चढू लागलं होतं. शिंपला जरासा उघडला, थांबला, मग आणखी उघडला. तिरप्या उन्हात त्याची मखमल क्षणभर पेटल्यासारखी झाली. मालतीने अलीकडची वाळू दाखवत निघायची खूण केली, पण दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

सूर्य गेला. शिंपल्याचा रंग विझत विझत खडकासारखा झाला.

लखीचंदभाऊंनी कंबर सरळ केली आणि मालतीला विचारलं, "सुबह कितने बजे खुलता है ये?"